माळरानावर चर खोदण्याआधी माती बघा

माण-खटावकडच्या माळावर काम सुरू करताय, तर आधी कुदळ घेऊन माथ्यापासून ओढ्यापर्यंत चालत जा. माथ्यावर वीतभर मुरमाड माती आणि खाली कातळ, उतारावर मध्यम, सखलात काळी भारी, हे आपल्या बेसाल्टी पठाराचं नेहमीचं चित्र. मुरमाड उतारावर समतल चर, म्हणजे उताराला आडवे, एकाच पातळीत खोदलेले चर चालतात. काळ्या जमिनीत मात्र जपून, उन्हाळ्यात ती भेगाळते आणि पहिल्याच वळवात पाणी भेगांतून शिरून बांध फोडतं.

पाण्यानं कोरलेल्या घळी सगळ्यांनाच दिसतात. मला जास्त काळजी वाटते ती थराथराने होणाऱ्या धुपेची. गवताच्या ठोंबाजवळ बसून बघा: ठोंब उंचवट्यावर, मुळं उघडी आणि भोवती नुसते खडे उरले असतील, तर तिथली माती वाहून गेलीय. पवना, मारवेल ही चाऱ्याची चांगली गवतं संपून टोकदार कुसळांची कुसळीच माजली असेल, तर चराईही जास्त झालीय.

म्हणून माझं ठाम मत, चराईबंदी आधी, खोदकाम नंतर. पाणलोटाच्या कामासाठी गाजलेल्या हिवरे बाजार गावानेही चराईबंदी पाळलीच ना! पण मेंढपाळांशी बोलल्याशिवाय बंदी घालू नका. माळ आलटूनपालटून राखा आणि कापून न्यायला गवत मोकळं ठेवा. घळीचं काम माथ्याकडून खाली, लहान दगडी बांधांनी करा.