साठा शून्य, तरी नळाला पाणी कसे?

प्रश्न : २०१९ च्या उन्हाळ्यात पेंच नदीवरील तोतलाडोह धरणाचा साठा शून्य टक्क्यांवर आल्याचे छापून आले होते, तरीही नागपुरात नळाला पाणी येत होते, पुढे जुलैमध्ये मात्र ते एक दिवसाआड झाले. शून्य टक्के म्हणजे नेमके काय, आणि एक दिवसाआड पाणी दिल्याने खरोखर बचत होते का?
– एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : वर्तमानपत्रांतील टक्केवारी धरणातील एकूण पाण्याची नसून केवळ उपयुक्त साठ्याची असते. ज्या पातळीपर्यंत धरणातून नेहमीच्या मार्गाने पाणी सोडता येते, तिच्या वरचे पाणी हा उपयुक्त साठा आणि खालचे पाणी हा मृतसाठा होय. तोतलाडोहचा उपयुक्त साठा सुमारे १,०१७ दलघमी आहे (एक दलघमी म्हणजे १०० कोटी लिटर). हा साठा संपला तरी धरण कोरडे पडलेले नसते, आणि त्या वर्षी शहराची तहान मृतसाठ्यावरच भागवावी लागली. तळाचे हे पाणी गढूळ असल्याने ते शुद्ध करणे अधिक कठीण जाते.

मात्र टक्केवारी एकटी वाचण्यात फारसा अर्थ नाही, असे आमचे मत आहे. तोतलाडोहचे पाणी खाली नवेगाव खैरी धरणात येते आणि तेथून शहराबरोबरच कालव्यांद्वारे धानाच्या शेतीला आणि वीज केंद्रांनाही जाते. त्यामुळे ऑक्टोबरमधील ३० टक्के साठा म्हणजे संकट, तर जूनअखेरचा तेवढाच साठा बराच दिलासा देणारा असतो. पाण्याचे वार्षिक नियोजनही १५ ऑक्टोबरचा साठा पाहूनच केले जाते. शिवाय पेंच नदीवर वरच्या बाजूला, मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात, चौराई धरण झाल्यापासून कमी पावसाच्या वर्षी तोतलाडोहला येणारा येवा घटतो, हे २०१९ मध्ये ठळकपणे दिसले. टंचाईत पिण्याच्या पाण्याला पहिला अग्रक्रम असतो, परंतु त्याची किंमत बहुधा शेतकरी मोजतो. भांडेवाडी येथील प्रक्रिया केलेले सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला देण्याची व्यवस्था म्हणूनच मोलाची आहे, कारण तेवढे गोडे पाणी धरणात राहते.

आता बचतीविषयी. जलवाहिनीत पाणी जितके कमी तास राहते तितकी गळती कमी होते, एवढी बचत निश्चित होते. पण घराघरांतून मागणी घटतेच असे नाही. पाणी येईल त्या दिवशी लोक टाक्या, ड्रम, बादल्या भरून ठेवतात आणि ताजे पाणी आले की उरलेले ओतून देतात. दाब कमी असताना टिल्लू पंप (नळाला थेट जोडून पाणी ओढणारा छोटा पंप) लावणारे घर शेजाऱ्याच्या वाट्याचे पाणी ओढते, आणि वाहिनीच्या शेवटच्या टोकाला किंवा उंचावर असलेल्या वस्त्यांच्या हाती टँकरची वाट पाहणे तेवढे उरते. याहून गंभीर बाब अशी की, रिकाम्या वाहिनीत फुटलेल्या सांध्यांमधून आजूबाजूचे घाण पाणी शिरू शकते. म्हणून एक दिवसाआड पुरवठा हा नाइलाजाचा, थोड्या आठवड्यांपुरताच उपाय मानावा. गळती शोधणे आणि टिल्लू पंप जप्त करणे ही कामे मात्र धरण भरलेले असतानाच व्हायला हवीत.

तूर्त आपल्या घरापुरते सांगायचे तर, खंडानंतर पाणी आले की सुरुवातीचे गढूळ पाणी झाडांना किंवा शौचालयासाठी वेगळे काढावे आणि पिण्याचे पाणी उकळून घ्यावे.