अंगणातल्या पाट्या आणि खरी मतं

प्रश्न : अमेरिकेत अध्यक्षपदाच्या उमेदवारनिवडीआधी अंगणाअंगणात पाट्या लागतात, सभा तुडुंब भरतात. त्यावरून आयोवा राज्यातल्या निवडीचा निकाल ओळखता येतो का?
– एक वाचक, शाहूपुरी, कोल्हापूर

उत्तर : फारसा नाही. बिंदू चौक भरला म्हणजे वॉर्ड निघाला असं नसतं, हे कोल्हापूरकरांना काय सांगायचं! २००४ मध्ये डेमोक्रॅटिक उमेदवारी मागणाऱ्या हॉवर्ड डीन यांचे केशरी टोपीवाले हजारो स्वयंसेवक आयोवात उतरले. त्यातले बरेच परराज्यातले, म्हणजे मत शून्य. डीन १८ टक्क्यांवर तिसरे आले.

पाट्या मोजायच्याच तर घरांपुढच्या मोजा. रस्त्याकडेच्या कार्यकर्ते रातोरात ठोकतात. आयोवातल्या कॉकसला, म्हणजे उमेदवार निवडायच्या पक्षाच्या स्थानिक सभेला, संध्याकाळी ठरल्या वेळी शाळेत किंवा चर्चमध्ये हजर राहावं लागतं, त्यामुळे रात्रपाळीचा समर्थक बाद. डेमोक्रॅट्सकडे २०२० पर्यंत बहुतेक केंद्रांवर हजर लोकांपैकी १५ टक्के न जमलेल्या उमेदवाराचा गट फुटून दुसरीकडे जायचा, म्हणून दुसरी पसंती पाटीपेक्षा मोलाची.

थंडीही धरा. आयोवात रिपब्लिकन कॉकसला २०१६ मध्ये सुमारे १ लाख ८७ हजार लोक आले, २०२४ च्या कडाक्यात सुमारे १ लाख १० हजार. न्यू हॅम्पशायर राज्यात मात्र साधं मतदान असतं आणि पक्षनोंदणी नसलेले कुठल्याही एका पक्षाची मतपत्रिका घेऊ शकतात. त्यांचा कल पाट्यांवरून कळेलच असं नाही.