लिनक्स टर्मिनलमधली *, >, |, $ ही चिन्हं पाठ करावी लागतात का?

पाठ करू नका. तुम्ही लिहिलंय की चिन्हांचा तक्ता प्रिंट काढून भिंतीवर लावलाय तरी ‘ठाणे रिपोर्ट’ नावाची फाइल डिलीट करायला गेलं की अशी फाइलच नाही असा एरर येतो, तर त्याचं कारण तक्त्यात सापडणार नाही. मी ऐरोलीत सर्व्हर सांभाळायचं काम करतो, नवीन आलेली पोरंपण हेच विचारतात आणि मी त्यांना एकच सांगतो, एंटर मारल्यावर ती ओळ आधी शेल (टर्मिनलमध्ये तुमची ओळ घेऊन कमांड चालवणारा प्रोग्राम) वाचतं, कमांडला नंतर मिळते, आणि ही चिन्हं शेलसाठी असतात. (कमांड इथे मराठीत लिहितोय, टर्मिनलवर इंग्रजीतच टाइप करा.)

तुमच्या केसमध्ये शेलने स्पेस बघून दोन तुकडे केले, आरएमला (फाइल डिलीट करणारी कमांड) ‘ठाणे’ आणि ‘रिपोर्ट’ अशी दोन वेगळी नावं मिळाली. पूर्ण नाव कोट्समध्ये टाका नाहीतर स्पेसच्या आधी \ द्या, झालं.

*चंपण तेच. आरएम *.लॉग लिहिलं तर आरएमला तो स्टार दिसतच नाही, शेल जुळणारी नावं शोधून त्यांची यादी त्याच्याकडे देतं. म्हणून चुकून * आणि .लॉग यांच्यामध्ये स्पेस पडली तर लपवलेल्या सोडून फोल्डरमधल्या सगळ्या फाइली जातात, आणि इथे रिसायकल बिन नाही. मी अजूनही आधी आरएमच्या जागी इको (दिलेलं नुसतं स्क्रीनवर दाखवणारी कमांड) लिहून कुठली नावं येतात ते बघतो, तुम्हीपण ही सवय लावाच.

आता >, याच्याशी जपून. महापेला आधीच्या नोकरीत असताना एक यादी क्रमाने लावायची होती, मी सॉर्ट यादी > यादी (> म्हणजे आउटपुट स्क्रीनऐवजी फाइलमध्ये) असं लिहिलं आणि फाइल शून्य बाइटची झाली. शेल > दिसल्याबरोबर ती फाइल रिकामी करून उघडतं, सॉर्ट त्यानंतर सुरू होतं, मग त्याला वाचायला उरणार काय? बॅकअप आदल्या रात्रीचा होता, दिवसभराच्या एंट्री परत हाताने भरल्या, फार वाईट वाटलं होतं. त्याच फाइलमध्ये लिहायचं असेल तर सॉर्टला -ओ ऑप्शन आहे. नुसतं शेवटी जोडायचं असेल तर >>. आणि सेट -ओ नोक्लॉबर केलंत की > आधीपासून असलेल्या फाइलवर लिहायला नकार देतं.

कोट्समध्ये सिंगल आणि डबल एक नाहीत. सिंगलमध्ये सगळं जसंच्या तसं राहतं, डबलमध्ये $ चालूच असतो. पासवर्ड गाडी$५०० असेल आणि डबल कोट्समध्ये टाकलात तर शेल $५ हे व्हेरिएबल (किंमत साठवलेलं नाव) समजतं, ते सहसा रिकामं असतं, उरतं गाडी००, आणि मग लॉगिन का होत नाही म्हणून माणूस तासभर बसतो.

| मात्र माझं सगळ्यात आवडतं. एका कमांडचं आउटपुट सरळ दुसरीला इनपुट, मध्ये फाइल बनवायला नको. बेल लॅब्समधल्या डग मॅकिलरॉय यांनी ही कल्पना लावून धरली आणि १९७३ मध्ये तिथल्याच केन थॉम्पसन यांनी ती युनिक्समध्ये (लिनक्स ज्याच्या धर्तीवर बनलं ती सिस्टिम) आणली, आजही मी रोज लॉग ग्रेपमधून (हव्या त्या ओळी निवडणारी कमांड) सॉर्टला, तिथून युनिकला (लागोपाठच्या सारख्या ओळी एकदाच ठेवणारी) असाच पाठवतो.

आज घरी एवढं करा, सेट -एक्स लिहून एंटर मारा आणि तुमच्या नेहमीच्या कमांड चालवा. प्रत्येक वेळी + च्या पुढे शेलने ओळीचं शेवटी काय केलं ते दिसेल. बंद करायला सेट +एक्स.