स्क्रूचे डोके झिजू नये म्हणून

प्रश्न : रेडिओ-नियंत्रित विमानाच्या मोटर-माउंटचे (मोटर बसवायच्या बैठकीचे) एम३ ॲलन स्क्रू, म्हणजे डोक्यात षटकोनी खाच असलेले ३ मिमी जाडीचे स्क्रू, दोन-तीनदा काढताघालताच आतून गोल होतात. काय करावे?

उत्तर : आधी पाना तपासावा. दंडगोल डोक्याच्या एम३ स्क्रूला २.५ मिमीचा पाना लागतो. ३/३२ इंची पाना जेमतेम २.३८ मिमीचा असल्याने तो आत बसल्यासारखा वाटतो, पण जोर लावताच कोपरे खातो. पान्याच्याच कडा झिजल्या असतील, तर तेवढे टोक काटकोनात घासून काढावे. खाचेतला कचरा टाचणीने काढून पाना तळाला टेकवावा, कारण माझ्या मते अर्धवट बसलेला पानाच बहुतेक स्क्रूंचा घात करतो. निळ्या थ्रेडलॉकरने (स्क्रू सैल होऊ नये म्हणून आट्यांना लावायच्या चिकट द्रवाने) धरलेला स्क्रू हलत नसेल, तर तापलेले सोल्डरिंग आयर्न त्याच्या डोक्यावर थोडा वेळ टेकवून मगच फिरवावा. प्लास्टिकच्या माउंटवर मात्र हा उपाय कृपया करू नये.