नवव्या मात्रेला अंधार

प्रश्न : तुमचा तबला ऐकलाय. परवा तुमच्या फोटोंचं प्रदर्शनही पाहिलं. माणसं हललेली, निम्मी चौकट काळी, आणि बोलताना सारखं जपान! सोलापूरच्या तबलजीला हे वेड कुठून लागलं?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : जपानला मी गेलेलो नाही, पासपोर्टसुद्धा काढलेला नाही. वेड लावलं एका कुत्र्यानं. जपानी फोटोग्राफर दाइदो मोरियामा यांनी १९७१ साली जपानमधल्या मिसावा गावात टिपलेला भटका कुत्रा. मान वळवून असा बघतो, जणू आपणच त्याच्या गल्लीत घुसलोय. या धाटणीला जपानीत ‘आरे, बुरे, बोके’ म्हणतात. खरखरीत, हललेलं, फोकस सुटलेलं. क्लासमध्ये हे सांगितलं तर पोरं ‘सर, बोके?’ करत हसतच सुटली. मोबाइलच्या कॅमेऱ्यातलं ‘बोके’ ते हेच; मांजराचा संबंध नाही.

माझं लहानपण सोलापूरच्या पूर्व भागात, मागांच्या खटखटीत गेलं. वडील टॉवेलच्या कारखान्यात. मी पाटावर तीच लय बडवायचो आणि गुरुजी ओरडायचे, ‘अरे, खाली कुठाय?’ तीनतालात नवव्या मात्रेला टाळी नसते, तीच खाली, आणि पुढच्या ‘तिं तिं ता’ला डग्गा गप्प होतो. मागाला खाली नसते. तो सगळं भरूनच चालतो, आणि बरीच वर्षं मीही तसाच वाजवत होतो.

मग जपानी ‘मा’ हा शब्द वाचनात आला. मधली जागा, मधला वेळ. लिहिताना दाराच्या चिन्हात सूर्य काढतात. मला तर आमची खालीच भेटली! लोक यावर लगेच झेनबिन वाढतात, शेंगाचटणीसारखं, कशावरही. आपण त्यात पडत नाही.

गेल्या पावसाळ्यात वडिलांच्या जुन्या कारखान्यात गेलो. शटर सेकंदाच्या पंधराव्या भागावर ठेवलं. लेन्सवर सुताची कुसं. एका मागावर धागा तुटलेला, मावशी टोक शोधत होत्या; त्यांची दोन बोटं तेवढी स्वच्छ आली. शेजारच्या मागाचा धोटा, आडवा धागा घेऊन पळणारा, म्हणजे नुसती पांढरी रेघ. उजवीकडे निम्मी चौकट काळी. घरी येऊन ती आधी कापली, दोन दिवसांनी परत जोडली. कापल्यावर बोटं घाई करतायत असं वाटायचं.

प्रिंट मावशींना नेऊन दिली. लांब धरून बघितली आणि म्हणाल्या, ‘निम्मा अंधारच काढलास की रे. सांगितलं असतंस तर ट्यूब लावली असती.’