वसतिगृहाची जागा सोडून फ्लॅट घ्यावा का?

सातारा जिल्ह्यातल्या एका वाचकांचा प्रश्न आहे. मुलीला पुण्यात एमएस्सीला प्रवेश मिळाला असून विद्यापीठाच्या आवारातल्या वसतिगृहाच्या यादीतही तिचं नाव लागलं आहे. खोलीचे वर्षाला २०,००० रुपये, अनामत ५,००० आणि मेस महिना ३,८००. पण मेसचं जेवण बेचव म्हणून मुलगी मैत्रिणींसोबत औंधला फ्लॅट घ्यायचं म्हणते आहे. भाडं २८,०००, वाटेकरी चौघी. घरी स्वयंपाक केला की महिना २,००० त जेवण भागेल, म्हणजे महिन्याला फरक फक्त तीन-साडेतीन हजारांचा, असा वाचकांचा अंदाज आहे. त्यासाठी दीड लाखाची एफडी मोडावी की शैक्षणिक कर्ज काढावं, असं त्यांनी विचारलं आहे.

नमस्कार.

माझं मत आधीच सांगतो. पहिलं वर्ष वसतिगृहातच काढू द्या आणि एफडीला हात लावू नका.

तुमचा अंदाज महिन्याच्या हिशेबामुळे फसतो आहे. वसतिगृहाचे पैसे वर्षाचे एकदाच भरायचे आणि मेसचे साधारण दहा महिन्यांचे. फ्लॅटचं भाडं मात्र दिवाळीत आणि मे महिन्यात मुलगी गावी आली तरी चालूच राहतं. ११ महिन्यांच्या करारात तिच्या वाट्याला भाड्याचेच ७७,००० येतील. एक महिन्याचं भाडं दलालीत जातं, ते ७,०००. वीज, इंटरनेट, गॅस, सोसायटी आणि कामवाल्या मावशी मिळून महिना १,५०० धरले तर १६,५०० होतात. जेवणाचे तुम्ही धरलेले २,००० मला पटत नाहीत. प्रॅक्टिकल संपवून सहा-साडेसहाला घरी आलेली मुलगी रोज पोळ्या लाटेल, असं धरून चालू नका. आठवड्यातून तीन-चार दिवस डबा किंवा बाहेरचं खाणं होणारच. म्हणून महिना ३,५०० प्रमाणे दहा महिन्यांचे ३५,००० धरा. एकूण १,३५,५०० झाले. डिपॉझिटचा वाटा घरमालकाकडे अडकतो, तो वेगळाच.

आता वसतिगृहाचं बघू. खोली आणि मेस मिळून ५८,०००. पण मुलीची तक्रार खरी आहे, ती हिशेबात धरलीच पाहिजे. मेसचे पैसे भरायचे आणि रात्री बाहेर खायचं, असं झालं तर एकाच जेवणाचे दोनदा पैसे जातात. महिन्यातून दहा वेळा १५० रुपयांचं बाहेर खाल्लं तर वर्षाचे १५,००० वाढतात. तरी बेरीज ७३,०००. फरक उरतो ६२,५०० चा. दुसऱ्या वर्षी दलाली लागणार नाही असं मानलं तरी दोन वर्षांत १,१८,००० होतात.

मेसबद्दल एक गोष्ट प्रवेशाच्या दिवशीच विचारून घ्या: खाड्याचा नियम काय? बहुतेक मेसमध्ये सलग काही दिवस जेवणार नसल्याचं आधी वहीत लिहून दिलं तरच पैसे वजा होतात. न सांगता गावी गेलं तर पूर्ण महिन्याचं बिल लागतं. रविवारी संध्याकाळी मेस बंद असते का, सकाळचा नाश्ता पैशांत धरलाय का आणि मेस सक्तीची आहे का, हेही विचारा. सक्ती नसेल तर महिनाभर जेवून बघून मग डबा लावता येईल. तोही खोली न सोडता.

बाहेरच्या खाण्यासाठी महिना १,५०० मुलीला उघडपणे द्या, हे मी आग्रहाने सांगतो. घरून दूर राहणाऱ्या मुली पैसे वाचवायला नाश्ता सोडतात, रात्री बिस्किटांवर भागवतात. ही बचत तुमच्या हिशेबात कुठेच दिसत नाही, पण तब्येतीत दिसते.

कर्जाचं म्हणाल तर शैक्षणिक कर्जात वसतिगृह आणि मेसचा खर्च धरता येतो आणि ४ लाखांपर्यंत बँका सहसा तारण मागत नाहीत. पण फ्लॅटचा जादा खर्च कर्जातून केला आणि व्याजदर १० टक्के धरला, तर शिक्षणाची दोन वर्षं आणि नंतरचं हप्ते न भरण्याच्या सवलतीचं एक वर्ष संपेपर्यंत त्या १,१८,००० वर सुमारे ३०,००० व्याज चढलेलं असेल. पहिल्या नोकरीच्या पगारातून ते तिलाच फेडावं लागेल. एफडी मुदतीआधी मोडली तर जितके दिवस पैसे राहिले त्या मुदतीचाच दर मिळतो आणि त्यातूनही बँक सहसा दंड कापते. वसतिगृहासाठी मात्र आत्ता २५,००० आणि पुढे महिना ५,३०० लागतील. एवढं तुमच्या पगारातून निघेल, असं पत्रावरून दिसतं.

तुमची जमीन तीन एकर आहे, म्हणजे तुम्ही अल्पभूधारक. अशा शेतकऱ्यांच्या मुलांसाठी असलेल्या डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजनेत तिचा अभ्यासक्रम बसतो का, हे विद्यापीठातल्या तिच्या विभागाच्या कार्यालयात विचारा आणि महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर अर्ज करा. उत्पन्नाचा दाखला आणि अल्पभूधारक असल्याचं प्रमाणपत्र तहसीलमधून आत्ताच काढून ठेवा. शेवटच्या आठवड्यात तिथे रांगा लागतात. (हे वाचणाऱ्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांनी, शासकीय वसतिगृहात प्रवेश मिळाला नसेल तर, राहण्या-जेवणाच्या खर्चाला मदत देणारी स्वाधार योजना जरूर पाहावी.)

दुसऱ्या वर्षीही मुलगी फ्लॅटचंच म्हणाली तर मार्चमध्ये पुन्हा हिशेब मांडू. तोवर तुमची एफडी पिकलेली असेल आणि मैत्रिणींपैकी कोणाशी पटतं तेही कळलेलं असेल. तेव्हा करार नोंदणीकृत करा आणि त्यात चौघींची नावं घाला. एकीने मध्येच घर सोडलं तर तिचं भाडं कोण भरणार, हेही आपसात लिहून ठेवा. आत्ता मात्र वसतिगृहाचं शुल्क मुदतीत भरा. एकदा सोडलेली जागा प्रतीक्षा यादीतल्या दुसऱ्या मुलीला जाते, आणि वर्षाच्या मध्यात ती परत मिळणं अवघड असतं.