परदेशी विद्यार्थ्यांचा मेंटर व्हायचंय, पण माझं इंग्रजी कच्चं आहे. जमेल का? नेमकं काय करावं लागतं?

जमेल की. मी संभाजीनगरला एमएस्सी करताना दोन वर्षं हे काम केलं, तेही कुणी रीतसर नेमलेलं नसताना. येमेनचा एक मुलगा आमच्याकडे पीएचडीला आला आणि सर म्हणाले, "जरा याच्याकडं बघ." एवढीच माझी ऑर्डर.

आधी कागदांचं सांगतो, कारण तिथे मी तोंडावर आपटलोय. विद्यार्थी व्हिसा १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीचा असेल तर भारतात आल्यापासून १४ दिवसांत परदेशी नागरिक म्हणून नोंदणी करावी लागते. अर्ज ई-एफआरआरओच्या, म्हणजे परदेशी नागरिकांची नोंदणी करणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या पोर्टलवर ऑनलाइन भरतात. त्याला बोनाफाईड लागतं, राहण्याचा पुरावा लागतो. शिवाय ज्याच्या घरी तो उतरलाय, त्या घरमालकाने २४ तासांत त्याची माहिती देणारा फॉर्म ऑनलाइन भरायचा असतो (तेव्हा त्याला सी फॉर्म म्हणायचे). आमच्या घरमालक काकांनी "भरतो, भरतो" करत नऊ दिवस घालवले आणि मीही निवांत राहिलो. शेवटी दहाव्या दिवशी रात्री त्यांच्या ओट्यावर बसून, त्यांच्या मुलाच्या मोबाईलवरून तो भरला. ओटीपी येईपर्यंत काकू चहा पाजत होत्या आणि मला घाम फुटला होता. तुम्ही पहिल्याच दिवशी घरमालकाला गाठा.

बाकीचा बराच वेळ आपलं "बघू" आणि "उद्या या" समजावण्यात जातो. एका बँकेत तो खातं उघडायला गेला, तर "टुमारो कम." दुसऱ्या दिवशी साडेदहाला हा हजर, पुन्हा "टुमारो." असे चार दिवस. त्याला वाटायला लागलं, आपणच काहीतरी चुकतोय. पाचव्या दिवशी मी सोबत गेलो आणि मराठीत विचारलं, "मामा, नेमका कोणता कागद कमी पडतोय?" बोनाफाईडवर जुना पत्ता आणि भाडेकरारावर नवा, एवढीच भानगड होती. "उद्या या" ऐकलं की लगेच "काय आणू?" असं विचारायचं, हे वाक्य मी त्याच्याकडून मराठीत घोटून घेतलं.

वर्गातही तसंच. तास इंग्रजीत सुरू होतो, दहा मिनिटांत एखादा विनोद मराठीत येतो, सगळे हसतात आणि हा एकटाच वहीत बघत बसतो. शेजारी बसून हळूच सांगायचं. विनोद सांगेपर्यंत शिळा होतो, पण सांगायचा.

काही बाबतीत मीच गाढव ठरलो. अरबी मुलगा म्हणजे उन्हाची सवय असणार, असं मी धरून चाललो होतो. हा येमेनची राजधानी सनाचा, ते शहर समुद्रसपाटीपासून २२०० मीटरच्या वर, हवा थंड. आपल्या एप्रिलात तो पार कोमेजला. उलट नळाला रोज पाणी येत नाही, हे मी मोठ्या संकोचाने सांगायला गेलो, तर तो हसला. सनातही पाण्याची बोंबच, टँकर त्याला लहानपणापासून माहीत. ड्रम कुठे ठेवायचा, पाणी किती दिवस पुरवायचं, यात तो माझ्या दोन पावलं पुढे होता.

पैशांच्या व्यवहारात मात्र मधे पडू नका. डिपॉझिट द्यायचं असेल तर त्याच्या हातानेच देऊ द्या आणि पावती घ्यायला लावा.

आता इंग्रजीचं. त्याचंही अडखळतच होतं, त्यामुळे दोघांनाही लाज वाटली नाही. पहिल्या आठवड्यात आम्ही कँटीनमध्ये बसून सारखे शब्द काढले: खुर्ची म्हटलं तर त्याचं कुर्सी, साबणाला साबून, हिशोबाला हिसाब. वकील आणि तारीख तर जशीच्या तशी निघाली. वहीचं पान भरलं आणि चहा गार झाला. तुमची पहिली भेट होईल तेव्हा एक वही सोबत न्या.